बंद दारापुढची रांगोळी: मोबाइलवर पहिला रहस्यपट करताना

ठाण्यात चरईतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी माझा पहिला लघुपट दाखवला तेव्हा समोर पंचवीसेक माणसं बसली होती. आठ मिनिटांची गोष्ट. इमारतीतून चपला चोरीला जातात, शेवटी चोर सापडतो. टाळ्या पडल्या. नंतर तळमजल्यावरच्या आजी काठी टेकत जवळ आल्या आणि म्हणाल्या, "चोर कळला रे बाळा, पण तो माणूस कसा आहे ते नाही कळलं."

ते वाक्य मनातून गेलं नाही. रहस्य म्हणजे काहीतरी दडवायचं आणि शेवटी उघडायचं, एवढंच मला तोवर ठाऊक होतं. रहस्यपटात दोन प्रश्न असतात, हे पुढे हळूहळू कळत गेलं. वरचा प्रश्न 'कोण?' आणि त्याच्या पोटातला 'का?'. 'कोण'चं उत्तर मिळालं की तो प्रश्न मिटतो. 'का' मात्र माणसाच्या हातांवर, पाठीवर, उभं राहण्याच्या पद्धतीवर रेंगाळत राहतो, आणि तो संवादांपेक्षा फ्रेममधून (कॅमेऱ्याच्या चौकटीतून) आणि कटमधून (एक शॉट तोडून दुसरा जोडण्यातून) जास्त तयार होतो. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे आणि गोष्ट सांगायची ओढ आहे, त्यांनी हे करून कसं पाहायचं, ते पायरीपायरीने लिहितोय.

पायरी १: गोष्ट एका जिन्यात मावेल एवढीच घ्या

सरावासाठी तीन मिनिटं, दोन मुख्य पात्रं आणि एक जिना पुरे. मी शिकवताना वापरतो ती गोष्ट देतो, हवी तर उचला.

नौपाड्यातली चार मजली जुनी इमारत, पुनर्विकासाच्या वाटेवर, निम्मी घरं रिकामी. तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी नुकतीच भाड्याने राहायला आली आहे. समोरच्या घराला कुलूप. दारावरची पाटी काढून नेलेली, तिच्या जागी खिळ्यांची चार भोकं. पॅसेजमधला बल्ब गेलेला. तरीही रोज सकाळी त्या बंद दाराच्या उंबऱ्याशी ताजी ठिपक्यांची रांगोळी असते.

रांगोळी काढतात वरच्या मजल्यावरचे काका. सत्तरी ओलांडलेले, एकटे. पहाटे अंधारात मोबाइलचा टॉर्च पायरीवर ठेवून काढतात. हे आपण साधारण दुसऱ्या मिनिटाला दाखवणार. का काढतात, हे पडद्यावर कुणीही बोलणार नाही.

तुम्हाला मात्र ते पक्कं माहीत हवं, शूटिंगच्या आधी. समजा काकांनी त्या घरातल्या कुणाला शब्द दिलाय. मग त्यांच्या हालचालीत नेम असेल, रोजची पूजा करावी तसा हात चालेल, जाताना ते एकदा कुलूप हलवून बघतील. समजा त्या घराशी त्यांचं भांडण झालं होतं आणि ते न मिटता माणसं निघून गेली. मग ते रांगोळी काढताना मागे वळून बघतील, दाराकडे मान वर करणार नाहीत. कारण बदललं की कॅमेरा कुठे ठेवायचा तेही बदलतं. पहिल्या बाबतीत हातांकडे ठेवा, दुसऱ्या बाबतीत पाठीमागे. नवशिके 'प्रेक्षकांवर सोडू' म्हणून हे ठरवतच नाहीत आणि मग पडद्यावर नुसता एक म्हातारा माणूस दिसत राहतो.

परवानगीचं आधी बघा. सेक्रेटरींना विचारा, वॉचमनला सांगून ठेवा, शेजाऱ्यांना वेळ कळवा. ठाणे स्टेशनचा पूल कितीही खुणावत असला तरी रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला परवानगी लागते. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे वनखात्याला विचारावं लागतं.

पायरी २: फोन

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. बहुतेक फोन सेकंदाला ३० फ्रेम्सवर, म्हणजे ३० चित्रांवर, लावलेले असतात आणि तशात चित्रावर काळसर पट्टे सरकताना दिसू शकतात. २५ फ्रेम्स आणि १/५० शटर (प्रत्येक चित्राला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा उजेड) ठेवलं की हा त्रास जातो. फोनमध्ये ती सोय नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप घ्या. शॉट सुरू करण्याआधी स्क्रीनवर बोट दाबून धरा आणि फोकस व उजेड लॉक करा, नाहीतर दार उघडताच फोन स्वतःहून सगळं उजळवतो आणि तुमचा अंधार गेला. एसीच्या खोलीतून दमट जिन्यात आलात तर लेन्सवर वाफ धरते, दहा मिनिटं थांबा.

पायरी ३: काय दाखवायचं नाही ते आधी ठरवा

त्या मजल्यावर पाच मिनिटं नुसते उभे राहा आणि न दाखवण्याच्या गोष्टींची यादी करा. आपल्या गोष्टीत ती अशी होते: काकांचा पूर्ण चेहरा (शेवटच्या शॉटपर्यंत), बंद घराच्या आतलं काहीही, पाटीवरचं नाव. बाकी सगळं वापरता येतं. हात, पाय, पाठ, सावली, कुलूप, रांगोळी.

पहिला शॉट माझ्या मते बंद दाराच्या उंबऱ्यावरून घ्यावा. फोन जमिनीपासून वीतभर उंच, तोंड मुलीच्या दाराकडे. अगदी पुढे काहीतरी पांढरट, धूसर. समोरचं दार उघडतं, फक्त तिचे चपलेतले पाय दिसतात. दोन पावलं टाकतात आणि थबकतात. एवढंच. प्रेक्षकाच्या मनात पहिला प्रश्न इथे उमटतो: हिला जमिनीवर काय दिसलं? त्यानंतर वरून रांगोळी दाखवा. आधी रांगोळी आणि मग पाय असा क्रम लावला, तर प्रेक्षकाला माहिती मिळते, प्रश्न पडत नाही. शिवाय कॅमेरा त्या बंद घराच्या जागेवर ठेवल्यामुळे ते घर बघतंय असं वाटतं. हे कुणाच्या शब्दांत पकडता येत नाही, पण अंगावर येतं.

दुसरी गोष्ट, फ्रेमच्या आतली फ्रेम. आपल्या प्रत्येक घराला लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर असतं. पहिल्या दिवशी मुलीला पूर्ण जाळीआड ठेवा, गज तिच्या चेहऱ्यावरून जाऊ देत. दुसऱ्या दिवशी दार अर्धं उघडं, अर्धा चेहरा गजांच्या बाहेर. तिसऱ्या दिवशी ती पॅसेजमध्ये, जाळी तिच्या पाठीमागे. भाडेकरू हळूहळू शेजारी होत जाते आणि तिला त्यासाठी एक शब्दही बोलावा लागत नाही. या तीन फ्रेम्स एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून घ्या, म्हणजे बदल तिच्यात झालाय हे ठळक होतं.

तिसरी गोष्ट मोकळी जागा. माणूस ज्या बाजूला बघतो तिकडे फ्रेममध्ये जागा सोडावी, हे सगळीकडे शिकवतात आणि ते बरोबरच आहे. काकांच्या शॉटमध्ये मुद्दाम उलट करा. ते फ्रेमच्या डाव्या कडेला, तोंडही डावीकडे, आणि पाठीमागे उजवीकडे सगळा रिकामा पॅसेज. प्रेक्षकाची नजर त्या रिकाम्या जागेकडे जाते. कुणीतरी येईल, किंवा कुणीतरी इथे असायला हवं होतं, असं वाटत राहतं. कुणाची तरी उणीव दाखवायला इतकी साधी, बिनखर्चाची दुसरी युक्ती मला माहीत नाही.

क्लोजअप जपून वापरा. व्ही. शांताराम यांनी १९३४ साली 'अमृतमंथन' चित्रपटात टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, लेन्स लावून त्यातल्या राजगुरूचा डोळा पडदाभर दाखवला होता. नव्वद वर्षं उलटली तरी सिनेमाचे अभ्यासक त्या डोळ्याबद्दल बोलतात, कारण तो नेमक्या माणसासाठी राखून ठेवलेला होता. दर वाक्याला चेहरा मोठा करत गेलात, तर ज्या क्षणी खरंच जवळ जायचं आहे तेव्हा तुमच्याकडे काही शिल्लक राहत नाही. आपल्या तीन मिनिटांत काकांचा क्लोजअप एकच असेल, शेवटी. आणि तो ०.५ एक्सच्या, म्हणजे रुंद दृश्य पकडणाऱ्या, लेन्सवर घेऊ नका, नाक फुगतं. १ एक्स किंवा फोनला वेगळी २ एक्सची लेन्स असेल तर ती.

तुम्ही नवी मुंबईत खारघर-सीवूड्सच्या टॉवरमध्ये राहत असाल तर हा अरुंद जिना तुम्हाला मिळणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. तिथले लांबलचक कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना एकसारखी दारं यांत वेगळीच भीती आहे, सगळी दारं सारखी म्हणजे नेमकं कुठलं हे कळत नाही. आणि लिफ्टचं दार बंद होणं म्हणजे तर कॅमेऱ्यासमोर आपोआप पडणारा कट. माणूस हळूहळू अरुंद होत पट्टीएवढा होतो आणि नाहीसा होतो.

पायरी ४: सुगावा उघड्यावर ठेवा

काका रांगोळी काढतात याचा पुरावा प्रेक्षकाला पहिल्या मिनिटातच द्या, पण लक्षात येऊ देऊ नका.

वाण्याचं दुकान. मुलगी दुधाची पिशवी घ्यायला आली आहे, शेजारी काका सुटे पैसे मोजतायत. मिड शॉट (साधारण कमरेपासून वर), चेहरा फक्त तिचा, काका खांद्यापासून खाली. दुकानदार तिला विचारतो, "नवीन आलात का? कितव्या मजल्यावर?" प्रेक्षक तिच्या तोंडाकडे बघतो. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात काकांच्या बोटांची टोकं पांढरी आहेत. डोळा आधी चेहऱ्याकडे, हलणाऱ्या वस्तूकडे आणि उजळ भागाकडे धावतो. म्हणून सुगावा स्थिर ठेवा, चेहऱ्यापासून दूर ठेवा, पण किमान दोन सेकंद स्वच्छ दिसू द्या. अंधारात लपवलात तर दुसऱ्यांदा बघणाऱ्यालाही तो सापडणार नाही, आणि ती फसवणूक झाली.

याच्या जोडीला एक खोटा सुगावा मोठ्याने वाजवा. तळमजल्यावर पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या मावशी पहाटेच उठतात, त्यांचे हात पिठाने माखलेले. त्यांच्या हातांचा ठसठशीत शॉट घ्या, लगेच मुलीचा विचारात पडलेला चेहरा. प्रेक्षक मावशींवर संशय घेईल आणि स्वतःला हुशार समजेल. नंतर कळेल की खरी पांढरी बोटं त्याने आधीच पाहिली होती.

पायरी ५: शूट करताना

प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवा. संकलनात सगळ्यात जास्त उपयोगी पडतात ती हीच 'वाया' गेलेली सेकंदं, कारण 'कट' ऐकल्यावर माणूस सैल होतो आणि तेव्हाचा चेहरा खरा असतो. मजल्याचा नकाशा वहीत काढा, मुलीचं दार आणि बंद दार यांना जोडणारी एक रेघ मारा आणि दोघांमधले शॉट घेताना कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. जिन्याला वळण असल्यामुळे इथे गोंधळ फार लवकर होतो, वर जाणारा माणूस पुढच्या शॉटमध्ये खाली आल्यासारखा वाटतो.

पायरी ६: आधी चिठ्ठ्या, मग टाइमलाइन

संकलनासाठी कॉम्प्युटर असेल तर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती, फोनवर व्हीएन हे ॲप. पण ते उघडण्याआधी प्रत्येक शॉट एकेका चिठ्ठीवर लिहा आणि जमिनीवर पसरा. क्रम हाताने बदलून बघा.

मग एक छोटा प्रयोग करा, तो चुकवू नका. मुलीचं काम करणारीला दहा सेकंद समोरच्या भिंतीकडे नुसतं बघायला सांगा, अभिनय करायचा नाही. हाच शॉट तीनदा वापरा. एकदा त्यानंतर कुलूप, एकदा रांगोळी, एकदा तिच्या हातातला बंद पडलेला फोन, आणि प्रत्येक वेळी परत तोच चेहरा. तीन वेगवेगळ्या माणसांना एकेक तुकडा दाखवा आणि विचारा, ती काय विचार करतेय? उत्तरं वेगळी येतील. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी शंभरेक वर्षांपूर्वी इव्हान मोझुखिन या नटाचा एकच चेहरा सूपची वाटी, शवपेटी आणि एक स्त्री यांना जोडून असाच प्रयोग केला होता. बघणाऱ्यांना भूक, दुःख आणि ओढ अशा तीन निराळ्या भावना त्याच चेहऱ्यावर दिसल्या. वाचून हे पटतं, स्वतःच्या शेजारणीवर घडताना पाहिलं की अंगात भिनतं. त्यानंतर नटांना 'अजून दुःखी हो' असं सांगणं मी जवळजवळ सोडलं. चेहरा शांत ठेवायचा आणि त्याच्या शेजारी काय ठेवायचं याचा विचार करायचा.

पायरी ७: कुणाला कधी कळतं

संकलनाचं सगळ्यात मोठं काम मला हे वाटतं: कुठल्याही क्षणी प्रेक्षकाला किती माहीत आहे आणि पात्राला किती, यातलं अंतर सांभाळणं.

समजा क्रम असा लावला: काका अंधारात जिना उतरतात, टॉर्च ठेवतात, रांगोळी काढतात, आणि मग आपण मुलीला झोपेतून उठताना दाखवतो. प्रेक्षकाला आधीच कळलंय, तिला नाही. त्याची काळजी काकांकडे जाते, पकडले तर जाणार नाहीत ना? उलट क्रमात मुलगी आवाजाने जागी होते, दाराशी येते, पीपहोलला डोळा लावते आणि तिच्याबरोबर आपल्यालाही टॉर्चच्या उजेडात वाकलेली पाठ, पांढरी बोटं दिसतात. इथे धक्का बसतो.

मी दुसरा क्रम घेतो, पण पुढची सकाळ वाढवतो. त्या सकाळी तिला आवाज येतो, ती पीपहोलपाशी जाते, आणि दार उघडत नाही. काकांची रांगोळी पूर्ण होईपर्यंत थांबते. आता तिला आणि प्रेक्षकाला काहीतरी माहीत आहे जे काकांना माहीत नाही. 'कोण' संपलं, आणि 'का' नेमका इथून सुरू होतो. ती दार का उघडत नाही हाही एक 'का' आहे, आणि त्यातून तिचा स्वभाव दिसतो. पीपहोलचा शॉट फोनची लेन्स भोकाला टेकवून खरोखरच घेता येतो. कडेने काळं वर्तुळ येतं, ते राहू द्या.

संध्याकाळी ती पॅसेजमधला गेलेला बल्ब बदलते. स्टुलावर चढलेले पाय, हात, बल्ब, बस. चार सेकंद.

कट कुठे मारायचा याचा नियम मागाल तर मी एकच सवय सांगेन. शॉटमधली क्रिया संपली की लगेच कापू नका. रांगोळीचा शेवटचा ठिपका पडला, हात उचलला गेला, आणि मग तो हात क्षणभर हवेतच राहतो. तो क्षण ठेवा. आपल्या टाइमलाइनवर १२ फ्रेम्स म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद, पण तेवढ्यात 'माणूस रांगोळी काढतोय' याचं 'माणूस काहीतरी आठवतोय' होतं. उलट दुकानातले, जिन्यातले जाण्यायेण्याचे शॉट निर्दयपणे छाटा.

माझ्या एका आवृत्तीत टॉर्च एका शॉटमध्ये पायरीवर होता आणि पुढच्यात काकांच्या डाव्या हातात. चूकच. पण त्या दुसऱ्या शॉटमध्ये काका कुलपाकडे जसे बघतात तसे इतर कुठल्याच टेकमध्ये बघत नव्हते. अमेरिकी संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटचे सहा निकष मांडले आहेत आणि त्यात एकट्या भावनेला ५१ टक्के दिलेत, कथेला २३, आणि बाकी ताल, नजर, जागा यांना उरलेले. मी तो शॉट ठेवला. टॉर्चबद्दल आजवर कुणीही विचारलं नाही.

पायरी ८: डब्याच्या झाकणाचा आवाज

रांगोळीचा स्टीलचा डबा, त्याचं घट्ट झाकण उघडताना येणारा आवाज हा या गोष्टीचा धागा आहे. तो वेगळा रेकॉर्ड करा, पंखा आणि फ्रिज बंद करून, फोन वीतभर अंतरावर. पहिल्या पहाटे मुलीच्या अंधाऱ्या खोलीच्या चित्रावर तो ऐकू येऊ द्या, चित्रात डबा नाही. प्रेक्षकाला कळणार नाही हे काय. पीपहोलच्या सकाळी आवाज आधी आणि डबा दोन सेकंदांनी. शेवटच्या सकाळी नुसता आवाज आला तरी त्याच्या डोळ्यांसमोर काका उभे राहतील. शूटिंगच्या जागेवर एक मिनिट सगळ्यांनी गप्प राहून तिथली शांतताही रेकॉर्ड करा. नौपाड्यातल्या पहाटेत पंख फडफडवणारी कबुतरं असतात, दूर लोकलचा भोंगा असतो. हे कटांच्या खाली पसरलं की तुकडे जोडलेले वाटत नाहीत. संगीत चित्र पक्कं झाल्यावर लावा, आणि नाही लावलंत तर आणखी बरं.

पायरी ९: शेवटचा शॉट

पहाट. काका डबा घेऊन उतरतात, टॉर्च लावायला जातात आणि थांबतात. पॅसेजमध्ये उजेड आहे. ते वर बल्बकडे बघतात, मग मुलीच्या बंद दाराकडे. कॅमेरा त्या दाराशी, डोळ्यांच्या उंचीवर. इतका वेळ राखून ठेवलेला क्लोजअप हाच. पहिल्यांदा त्यांचा पूर्ण चेहरा, तोही तिने लावलेल्या उजेडात. नटाला लेन्समध्ये बघू देऊ नका, लेन्सच्या किंचित बाजूला. आणि त्यांना हसू येईलसं वाटलं तर त्याच्या आधी कापा.

किती लांब ठेवायचा? तीन आवृत्त्या करा: दोन सेकंद, चार सेकंद, सात सेकंद. प्रत्येक आवृत्ती वेगळ्या माणसाला दाखवा, ज्याने गोष्ट आधी ऐकलेली नाही अशा. 'कळलं का?' असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. आमच्या आजींचा प्रश्न विचारा: हे काका माणूस कसे आहेत? जे पटकन 'चांगले आहेत' म्हणतील त्यांची आवृत्ती बाजूला ठेवा. उत्तर देण्याआधी जो जरा थांबेल, त्याला कुठली दाखवली होती ते वहीत लिहा, आणि तीच लांबी ठेवा.